आठ सेकंदांचा पहारेकरी

“काका, ते हातातलं आधी मावशीकडे द्या. तुम्ही माहितीपुस्तिका वाचत बसाल आणि दिवस मावळेल.”

“कोणतंही यंत्र हाती घेण्याआधी पुस्तिका वाचतात, केतकी.”

“याला पुस्तिका नाही.”

“मग बनवणाऱ्याचं शिक्षण अपुरं आहे.”

केतकीने माझ्या हातातला खेळाचा कंट्रोलर काढून घेतला आणि इंदूच्या डाव्या हातात ठेवला. उजवा हात मांडीवर पडून होता. जेवणाच्या टेबलावर केतकीने पुण्याहून आणलेला संगणक मांडला होता आणि पडद्यावर बर्फाचे डोंगर, पाइनची झाडे आणि लांबवर एक दगडी कोट दिसत होता. एक तरुण स्त्री पाठमोरी उभी होती. तिच्या पाठीवर तलवार होती.

“मावशी, ही तू. अंगठ्याने ढकल, ती चालेल.”

इंदूने अंगठा ढकलला. ती स्त्री चालू लागली. इंदूने अंगठा सोडला. ती थांबली. इंदूने पुन्हा ढकलला.

ही हकीकत अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चमधली, आमच्या कऱ्हाडच्या घरातली. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये इंदूला अर्धांगाचा झटका आला होता. पाय काठीच्या आधाराने चालू लागला, हाताची बोटे थोडी हलू लागली, पण वाचा गेली ती परत आली नव्हती. तिला सगळे समजत असे. शब्द मात्र दाराशी येऊन अडत. वाचा-उपचार करणाऱ्या बाई दर पंधरा दिवसांनी येत. फेब्रुवारीत त्यांनी मला बाहेर ओसरीवर बोलावून सांगितले होते, “पहिलं वर्ष फार महत्त्वाचं असतं. त्यांनी प्रयत्न करणंच सोडलंय. बोलायचा प्रयत्नच केला नाही तर आपल्याला काही करता येणार नाही.”

म्हणजे माझ्याकडे ऑगस्टपर्यंतचा काळ होता.

मी शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला माणूस. चौतीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मशीन शॉप शिकवले. काम आले की मी वही उघडतो. इंदूच्या आजारपणाचीही वही होती. औषधांच्या वेळा, व्यायामाची आवर्तने, बाईंनी दिलेल्या सहा सूचना, प्रत्येकीपुढे अंमलबजावणीची खूण. ती दवाखान्यातून परतण्यापूर्वीच मी घर मोकळे करून घेतले होते. पाट, चौरंग, सतरंज्या, शिलाई यंत्र, तिची पेटी, जुनी ट्रंक, जे जे पायात येईल ते सारे माळ्यावर गेले. 

बोलण्याचा तिचा एकच प्रयत्न तेवढा उरला होता. सकाळी खुर्चीत बसली की ती माझ्याकडे पाही आणि म्हणे, “पे…”

“पेज?” मी विचारी. डॉक्टरांनी हलका आहार सांगितलाच होता. मी तांदळाची पेज करून वाटी तिच्यापुढे ठेवी. ती वाटीकडे बघत राही आणि मग मुकाट्याने खाई. वाटी रिकामी होई, त्यावरून निदान बरोबर होते असे मी धरून चाललो होतो. कधीकधी ती “पे…” म्हणताना डावा हात वर करी. वर पंखा होता. मी पंखा बंद करी.

केतकी इंदूच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तीन दिवसांची रजा काढून आली होती. “उपचार वगैरे काही नाही, काका,” ती म्हणाली. “मावशी चार भिंतींत बसलीय. इथे तिला फिरायला मिळेल. एवढंच.”

खेळ कल्पनारम्य जगाचा होता. त्या जगात राजे होते, चेटकीण होती, क्वचित आकाशात एखादा सर्पपक्षी आग ओकत जाई. पण कोणावर कोणतेच काम करण्याची सक्ती नव्हती. हवे तिकडे जावे. पहिल्या दोन दिवसांत इंदूने एकदाही तलवार उपसली नाही. ती नदीकाठाने चालली, तिने निळी फुले गोळा केली, एका कोल्ह्याच्या मागे डोंगर चढली आणि माथ्यावर पोचल्यावर सूर्यास्त पूर्ण होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

“यात लांडगे आहेत, इंदू, जपून. डावीकडे वळ. तो काय म्हणतोय सांगू का? तो म्हणतोय—”

इंदूने माझ्याकडे असे पाहिले की मी वाक्य सोडून दिले.

“तुम्ही धावतं समालोचन बंद करा हो,” केतकी म्हणाली.

“अगं, सगळं इंग्रजीत लिहून येतंय. तिला कळणार कसं?”

हे मात्र खरे होते. त्या जगातली माणसे पडद्याखाली उमटणाऱ्या वाक्यांत बोलत आणि उत्तरे द्यायला दोन-तीन पर्याय लिहून येत. झटक्यानंतर इंदूला इंग्रजी अक्षरे अनोळखी झाली होती. मराठी मात्र हळूहळू वाचता येई.

केतकीने फोनवर काहीतरी शोधून पाहिले. “काका, हा खेळ आवडणारे हौशी लोक त्यात स्वतःची भर घालतात. त्याला मॉड म्हणतात. कुणी नवे कपडे घालतं, कुणी नवं गाव वसवतं. कंपनीचा संबंध नाही, पैशाचा संबंध नाही.”

“म्हणजे लेथला अटॅचमेंट बसवतात तसं.”

“अगदी तसं. मराठीचा मॉड अजून कुणी केलेला नाही.”

मी वही उघडली.

संपूर्ण खेळाचे भाषांतर माझ्याकडून एका जन्मात झाले नसते. मी पहिला गाव, नदीकाठ आणि आसपासच्या वाड्या एवढेच क्षेत्र आखून घेतले. सहाशे बारा वाक्ये निघाली. केतकी पुण्याला परतली होती. रोज संध्याकाळी फोनवरून शिकवी. सुरुवातीला देवनागरी नीट उमटेना. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन उभी राही, जोडाक्षरे फुटत. मग नेपाळमधल्या एका अनोळखी गृहस्थाने केलेला लिपीचा मॉड सापडला आणि वेलांट्या जागेवर आल्या. त्या गृहस्थाला मी आभाराचे पत्र लिहिले. त्याने उत्तरात हसरा चेहरा पाठवला. एकोणिसाव्या दिवशी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मी इंदूला खुर्चीत बसवले आणि वही घेऊन बाजूला बसलो. काय चुकते ते टिपून घ्यायचे होते.

ती कोटाच्या वेशीशी गेली. तिथला पहारेकरी दाढीवाला, हातात भाला घेतलेला. पडद्यावर वाक्य उमटले: थांब, वाटसरू. कुठून आलास?

खाली दोन उत्तरे होती. इंदू वाकून पाहू लागली. पहारेकरी उभा होता. त्याच्या मशालीची ज्योत हलत होती. तिचे ओठ हलले.

“मी…” ती म्हणाली.

मी लिहिता लिहिता थांबलो.

“मी… उत्त… रेकडून… आलो.”

सात महिन्यांत तिच्या तोंडून आलेले ते पहिले वाक्य. मी काही म्हणण्यापूर्वीच तिने कपाळाला आठ्या घातल्या. माझ्याकडे वळून पाहिले, पडद्याकडे बोट केले.

“आ… ले,” ती म्हणाली. “आले.”

मी शरमलो. चौतीस वर्षांत माझ्या वर्गात एकही मुलगी नव्हती आणि भाषांतर तपासताना मी स्वतःच खेळलो होतो. त्या जगातला प्रत्येक माणूस तिला पुरुष समजून बोलत होता आणि ती पुरुष म्हणून उत्तर देत होती. मी वहीत लिहिले: वाक्य १, लिंगदोष. त्या दुपारी तिने असे चौदा दोष शोधले. एकेक दोष म्हणजे एकेक शब्द. “गेले.” “चुकले.” “दमले.” मी नुसता लिहीत गेलो.

दुसऱ्या दिवशी तिने पहारेकऱ्यावर नवा आक्षेप काढला. “तू?” ती म्हणाली आणि छातीवर हात ठेवला. “मला… तू?”

मी केतकीला फोन केला. ती हसली. “अहो काका, त्या खेळात ती बावीस वर्षांची योद्धा आहे!”

“असेल. खेळणारी अडुसष्टची आहे.”

पहारेकरी तिसऱ्या दिवसापासून म्हणू लागला: या बाई. कुठून आलात?

दुपारचे चार वाजले की इंदू स्वतः काठी घेऊन टेबलाशी येई. केतकीने एक मॉड पाठवला, त्यात घोड्याच्या जागी म्हैस मिळे. कोणा अज्ञात कारागिराने तिची शिंगे, पाठीवरचा चिखल, सगळे इतक्या प्रेमाने घडवले होते की मी त्याला मनोमन दाद दिली. इंदू म्हशीवर बसून दरबारात गेली. राजाने तिला गंभीरपणे विचारले, बाई, तुमचं येणं कसं झालं? इंदू हसता हसता खोकू लागली. तिला पाणी द्यावे लागले. मग तिने उत्तर मोठ्याने वाचले. प्रत्येक उत्तर ती मोठ्याने वाची, जणू पलीकडे खरेच कोणी कान देऊन बसले होते.

प्रगती दिसू लागली की शिक्षकाला घाई होते. एका रविवारी मी एकदम सात मॉड बसवले. एकाने फुलांच्या जाती वाढत, एकाने लांडगे माणसाळत, एकाने नदीचा आवाज सुधारे, एकाने पावसाचा रंग बदले. सातवा संवादाचा होता. त्याच्या कर्त्याने लिहिले होते की त्यामुळे बोलणे खऱ्या जगासारखे होते. आठ सेकंदांत उत्तर दिले नाही, तर संवाद आपोआप पुढे सरकतो. मला ते उपयुक्त वाटले. कामाचा वेग असाच टप्प्याटप्प्याने वाढवतात.

सोमवारी आणि मंगळवारी मागच्या अंगणात नळाचे काम चालू होते. मी गवंड्यापाशी उभा होतो, त्यामुळे तिच्याजवळ बसलो नाही. बुधवारी चार वाजले, सव्वाचार झाले. इंदू खाटेवरून उठली नाही.

“इंदू, म्हैस वाट बघतेय.”

तिने भिंतीकडे तोंड केले.

गुरुवारी तेच. शुक्रवारी सकाळी तिने “पे…” देखील म्हटले नाही. मी पेज ठेवली. तिने वाटी डाव्या हाताने दूर सारली.

लिंगदोष राहिले असावेत, असे मी ठरवले. उरलेली सगळी वाक्ये तीन दिवस बसून तपासली. एकशे सत्तावीस दोष निघाले, ते दुरुस्त केले. सोमवारी तिला सांगितले, “आता एकही ‘आलो’ राहिलेला नाही.” ती उठली नाही.

त्या आठवड्यात बाई आल्या. इंदूने त्यांच्या एकाही प्रश्नाला तोंड उघडले नाही. जाताना बाई ओसरीवर थांबल्या. “मध्यंतरी इतकं छान चाललंय म्हणालात. काय झालं?”

बाई गेल्या. मी केतकीला फोन लावला.

“किती मॉड घातलेत त्या रविवारी?”

“सात.”

“एकेक करून?”

“एकदम.”

“काका! माझी स्कूटर उघडली होती तेव्हा तुम्हीच मला काय शिकवलं होतं?”

“एका वेळी एकच बदल,” मी म्हणालो.

“मग अर्धे बंद करा आणि बघा. दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते कळेल. हीसुद्धा तुमचीच पद्धत.”

मी आधी चार बंद करून खेळलो, मग उरलेले तीन. दोन्ही वेळा सगळे सुरळीत. पहारेकऱ्याने विचारले, मी उत्तर दिले. राजाने विचारले, मी उत्तर दिले. दोष कुठेच नव्हता. हे केतकीला कळवले, तेव्हा ती म्हणाली, “काका, तुम्ही मशीन रिकामं चालवून बघताय. काम लावल्याशिवाय दोष दिसत नाही. मावशीला बसवा.”

हे वाक्यसुद्धा माझेच होते.

मी इंदूच्या खाटेपाशी स्टूल घेऊन बसलो. “इंदू, एकदाच. मला एक दोष सापडत नाहीये. तुझ्याशिवाय सापडणार नाही. मी काही बोलणार नाही, नुसता बघेन.”

तिने कूस वळवली. मग काठीसाठी हात पुढे केला.

सातही मॉड चालू ठेवून मी तिला बसवले. ती वेशीशी गेली. पहारेकरी म्हणाला: या बाई. कुठून आलात?

इंदू वाकली. तिचे डोळे पहिल्या उत्तरावरून सरकत होते. “मी…” ती म्हणाली. “मी… न…”

तिला ‘नदीकडून’ म्हणायचे होते, दुसरे उत्तर. ओठ ‘न’वर जुळले होते, शब्द दाराशी आला होता. पडद्यावर पहिले उत्तर आपोआप उजळले. मी उत्तरेकडून आले. आणि पहारेकरी लगेच म्हणाला: बरं, चला पुढे.

इंदूचे तोंड मिटले.

ते मिटणे माझ्या ओळखीचे होते. खालचा ओठ किंचित आत, नजर खाली, मान एका बाजूला. ते मी गेले आठ महिने रोज सकाळी पाहत आलो होतो, पेजेच्या वाटीपलीकडे.

मी उठून वही आणली. बाईंच्या सहा सूचनांचे पान काढले. तिसरी सूचना माझ्याच सुवाच्य अक्षरात होती: त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. तिच्यापुढे तांबड्या शाईत बरोबरची खूण होती.

मी तो सातवा मॉड काढून टाकला. त्याला एक मिनिटही लागले नाही. “पुन्हा जाऊन बघ,” म्हणालो.

या बाई. कुठून आलात?

पहारेकरी उभा राहिला. मशाल हलत राहिली. इंदू त्याच्याकडे पाहत राहिली, तो केव्हा बोलेल या भीतीने. तो बोलला नाही. दहा सेकंद झाले, वीस झाले. एक पक्षी कोटावरून उडून गेला. 

“मी,” ती म्हणाली, “न… नदी… कडून… आले.”

तिने दुसरे उत्तर निवडले. मग अंगठा कंट्रोलरवरून काढला आणि पडद्याकडे बोट करून म्हणाली, “हा… थांब… तो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो नाही. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण ते नेहमी पुढे होत. भिंतीवरचे घड्याळ तिच्या डोक्यामागे दिसत होते.

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग पुढ्यातल्या रिकाम्या जागेकडे. वाटी कुठे आहे, असे तिला वाटले असावे.

“पे…” ती म्हणाली.

मी गप्प राहिलो. पेरू, पेपर, पेन, पेला, सगळे शब्द माझ्या जिभेवर रांगेत उभे होते. पाच सेकंद. दहा. तिने डावा हात वर केला. पंखा फिरत होता. मी जागचा हललो नाही. प्रथमच तिच्या बोटाच्या रोखाने नीट पाहिले. बोट पंख्याकडे नव्हते. पंख्याच्या पलीकडे, दारावरच्या माळ्याकडे होते.

मला कळले. आणि कळूनही मी बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी केलेले ते सर्वांत कठीण काम असावे. बावीस सेकंद. तीस. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती. बाहेर कोणाची तरी सायकलची घंटा वाजली.

“पे… टी,” इंदू म्हणाली.

एक्केचाळीस सेकंद झाले होते. 

ती तीस वर्षे आमच्या आळीतल्या मुलींना पेटी शिकवत होती. ती समोर दिसली तर तिला वाईट वाटेल, असे मी ठरवले होते. तिला विचारले नव्हते.

“पेटी,” ती पुन्हा म्हणाली, या वेळी लवकर. मग माझ्याकडे पाहून, एकेक अक्षर निवडून, “पेज… न… को.”

“नको?”

“कधी… च… नको.”

आठ महिने! मला हसू आवरेना, आणि तिलाही.

मी शिडी लावून पेटी खाली काढली. कापड झटकले, भात्याची बिजागरी तेल घालून मोकळी केली. दोन सूर अडकले होते, ते पट्टी उचलून साफ केले. ही कामे मला येत होती. पेटी मी टेबलावर तिच्यापुढे ठेवली. तिने उजवा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. बोटे तशीच पडून राहिली. तिने तो काढून घेतला आणि डावा हात पुढे आणला. मग भात्याकडे पाहिले. तो हात आजवर भाता ओढत आला होता, आता त्याला पट्ट्यांवर यायचे होते आणि भात्याला कोणीच नव्हते.

ती काही म्हणू लागली. मी थांबलो.

“अहो,” ती म्हणाली. झटक्यानंतर प्रथमच. “तुम्ही… भा… ता.”

मी टेबलाच्या पलीकडे गेलो आणि भाता धरला. माझा पहिला झटका फार जोराचा होता. पेटी ओरडली.

“हळू,” इंदू म्हणाली. हा शब्द मात्र ताबडतोब आला.

आता अकरा वर्षे झाली. इंदू बोलते. सावकाश बोलते, मधेच अडते, पण वाक्य स्वतः पूर्ण करते. चार वाजता अजूनही म्हशीवर बसून नदीकाठाने जाते. माझ्या मराठी मॉडमध्ये आता अकराशे वाक्ये आहेत. चंद्रपूरच्या एका शिक्षिकेने बर्फाच्या डोंगरापलीकडचा गाव भाषांतरित करून त्यात जोडला. त्या गावातले सगळे लोक इंदूला “तुम्ही” म्हणतात. पहारेकऱ्याला मी पुन्हा हात लावलेला नाही.

त्या सकाळी मात्र तिने फक्त तीनच सूर वाजवले. षड्ज बराच वेळ धरला. मग रिषभ. मग गंधार, किंचित कापरा. चौथ्या पट्टीवर बोट गेले आणि थबकले. इंदू ती पट्टी आठवत होती, किंवा बोटाची वाट पाहत होती.

मी भाता सावकाश चालू ठेवला आणि गप्प राहिलो.